बाळगुटीपासून सुरुवात करा: वनौषधींच्या जंतूचाचणीबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. सचिव, आयुष मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. पुण्यातल्या खाजगी प्रयोगशाळांमध्ये चूर्णं, काढ्यांच्या भरडी, गोळ्या आणि तेलं यांची जंतूचाचणी करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. नापास झालेल्या नमुन्यांबद्दल पुष्कळदा बोललं जातं. मला मात्र आज आपल्याशी बोलायचं आहे ते पास झालेल्या, आणि त्यातही फार छान पास झालेल्या नमुन्यांबद्दल.

साध्या त्रिफळा चूर्णाचं उदाहरण घेते. हिरडा, बेहडा, आवळा ही फळं रानातून गोळा होतात, अंगणात किंवा कातळावर वाळतात, गोणीत भरली जातात, गोदामात एखादा पावसाळा काढतात आणि मग पल्व्हरायझरमध्ये दळली जातात. या वाटेवर माती, पाखरं, उंदीर, माणसांचे हात आणि ओलसर पोती यांच्याशी त्यांचा संबंध येतोच. म्हणून औषधकोशही (औषधांच्या दर्जाची प्रमाणं ठरवणारा अधिकृत ग्रंथ) अशा औषधाकडून शून्य जंतूंची अपेक्षा धरत नाही. पोटात घ्यायच्या वनौषधीत एका ग्रॅमला एकूण जिवाणू एक लाखापर्यंत आणि यीस्ट-बुरशी एक हजारापर्यंत चालतात. ई. कोलाय, साल्मोनेला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा हे चार मात्र अजिबात असता कामा नयेत. ही मर्यादा समजूतदार आहे. जमिनीतून आलेल्या वस्तूकडून तिनं सलाइनच्या बाटलीची शुद्धता मागितलेली नाही.

आता असं समजा की वाफेची किंवा किरणांची कुठलीही प्रक्रिया न केलेल्या त्रिफळा चूर्णाचा अहवाल येतो आणि त्यात लिहिलेलं असतं: एकूण जिवाणू दहापेक्षा कमी, बुरशी दहापेक्षा कमी, चारही रोगजंतू अनुपस्थित. उत्पादक खूश होतो, अहवाल फाइलला लागतो, बॅच बाजारात जाते. मला मात्र असा अहवाल पाहिला की पहिली शंका चाचणीचीच येते. काही हजारांचा काऊंट आला असता तर मी निश्चिंत झाले असते.

कारण असं. हिरड्या-बेहड्यात टॅनिन भरपूर असतं. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, हळदीत कुर्कुमिन असतं. ही द्रव्यं जिवाणूंची वाढ रोखतात, आणि औषध म्हणून त्यांची जी ख्याती आहे ती काही अंशी याच गुणामुळे आहे. आम्ही दहा ग्रॅम चूर्ण पेप्टोनच्या द्रावणात दहापट पातळ करतो आणि त्यातला एक मिलिलिटर प्लेटमध्ये, म्हणजे जंतूंचं खाद्य (मीडिया) घातलेल्या बशीत, घालतो, तेव्हा जंतूंबरोबर औषधही प्लेटमध्ये जातं. मीडियात ते जंतूंना दाबून ठेवतं. पाच दिवसांनी इन्क्युबेटर उघडला तर प्लेट स्वच्छ दिसते. पण चूर्णातले जंतू मेलेले नसतात. त्या प्लेटवर त्यांना वाढता आलेलं नसतं, एवढंच. तेच चूर्ण कोणी कोमट पाण्यात किंवा दुधात कालवलं, ते पोटात जाऊन आणखी पातळ झालं, की दबलेले जंतू मोकळे होतात.

यावर उपाय जुना आहे आणि औषधकोशांनी तो बंधनकारक केलेला आहे. ज्या जंतूचा शोध घ्यायचा त्याची ओळखीची, मोजून घेतलेली थोडी संख्या, शंभराच्या आत, मुद्दाम चूर्णाच्या द्रावणात सोडायची आणि ती प्लेटवर परत मिळते का ते पाहायचं. चूर्ण नसलेल्या प्लेटच्या तुलनेत निम्म्याहून कमी मिळाली, तर पद्धत त्या चूर्णासाठी निकामी ठरते. मग द्रावण शंभरपट, हजारपट पातळ करून पाहायचं, पॉलिसॉर्बेट ८० आणि लेसिथिन घालून औषधाचा जोर मोडायचा, पुन्हा करून पाहायचं. हिला आम्ही पद्धतीची योग्यता-चाचणी म्हणतो. ती प्रत्येक बॅचला करावी लागत नाही. एका उत्पादनाला एकदा नीट केली आणि घटक किंवा कृती बदलल्यावर पुन्हा केली, की पुरते. पण ती न करता दिलेल्या 'अनुपस्थित' या निकालाला शास्त्रीय आधार काहीच नसतो.

आणि हीच चाचणी अहवालावर दिसत नाही. मी दुसऱ्या प्रयोगशाळांचे जे अहवाल हाताळले त्यांतल्या बहुतेकांवर पद्धतीचा नुसता संदर्भ असायचा. योग्यता-चाचणी केली की नाही, कधी केली, कुठल्या पातळपणाला जंतू परत मिळाले, नमुना किती ग्रॅमचा घेतला, यातलं काहीच नसायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. चूर्णात साल्मोनेला सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. कुठे तरी चिमूटभर जागेत तो असतो आणि बाकी पोतं स्वच्छ असतं. एक ग्रॅम तपासून तो नाही म्हणणं आणि पंचवीस ग्रॅम तपासून नाही म्हणणं यात मोठं अंतर आहे. युरोपीय औषधकोश वनौषधींसाठी २५ ग्रॅम मागतो. आपल्या अहवालात निदान तो आकडा लिहिलेला तरी असावा.

वेळेचंही सांगायला हवं. जिवाणूंच्या प्लेटा ३० ते ३५ अंशांवर तीन ते पाच दिवस ठेवाव्या लागतात, बुरशीच्या २० ते २५ अंशांवर पाच ते सात दिवस. साल्मोनेलासाठी आधी साध्या मीडियात जंतूंना सावरू द्यायचं, मग निवडक मीडियात वाढवायचं, मग एक्सएलडी या साल्मोनेला ओळखण्याच्या मीडियाच्या प्लेटवर काळ्या ठिपक्याच्या लाल कॉलनी शोधायच्या आणि सापडल्या तर त्यांची ओळख पटवायची. वाळलेल्या औषधात हे जंतू अर्धमेले असतात. सावरायला वेळ न देता त्यांना थेट कडक मीडियात टाकलं तर असलेले जंतूही दिसत नाहीत. आणि तरीही 'मॅडम, मंगळवारी सॅम्पल देतो, शुक्रवारी रिपोर्ट द्या, गाडी निघायची आहे' हे वाक्य ऐकलं नाही असा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या व्यवसायात मला भेटलेला नाही. मंगळवारच्या सॅम्पलची बुरशी शुक्रवारी मोजता येत नाही. नमुना घेतल्याची, प्लेट लावल्याची आणि वाचल्याची तारीख अहवालात सक्तीची केली, तर अशा घाईचे अहवाल आपल्या निरीक्षकाला टेबलावर बसल्या जागी ओळखता येतील.

आता बाळगुटीकडे येते. या पत्राचं खरं कारण ती आहे.

महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत बाळ काही दिवसांचं होतं न होतं तोच गुटी सुरू होते. हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, मायफळ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, काकडशिंगी, अतिविष, ज्येष्ठमध, डिकेमाली, खारीक, बदाम. यादी घराघरात थोडी बदलते. प्रत्येकाचे एक-दोन वेढे सहाणेवर उगाळायचे, आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायचे आणि बोंडल्यानं किंवा चमच्यानं बाळाला पाजायचे. माझ्या घरात हेच झालं आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण सूक्ष्मजीवशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर यात जंतू मारणारी एकही पायरी नाही. काढ्याला निदान उकळी येते. उकळीनंही बॅसिलस सिरियससारख्यांचे बीजाणू मरत नाहीत, पण साल्मोनेला आणि ई. कोलाय मरतात. गुटी उकळली जात नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेलं मूळ किंवा फळ उगाळून जसंच्या तसं बाळाच्या पोटात जातं, आणि तेही ज्या वयात जठरातलं आम्ल पुरेसं नसतं आणि आतड्यातले उपकारक जंतू नुकते कुठे वसत असतात त्या वयात.

ही केवळ कल्पनेतली भीती नव्हे. ऑक्टोबर २००२ ते जुलै २००३ या काळात जर्मनीत साल्मोनेला अगोना या जंतूनं लहान बाळं आजारी पडू लागली. तेरा महिन्यांखालच्या ४२ बाळांपर्यंत ही साथ पोचली. शोध घेता घेता तपास आला बडीशेपेच्या जातीचं बी घातलेल्या वनस्पती-चहाशी. बाळाचं पोट दुखू नये म्हणून आया जो पाजतात, तोच हा चहा. त्यातलं दूषित बी तुर्कस्तानातून आलेलं होतं. २०१६ साली अमेरिकेत साल्मोनेला व्हर्को या जंतूनं २३ राज्यांतली ३३ माणसं आजारी पडली, आणि तिथे मूळ निघालं पेयाच्या भुकटीत घातलेल्या शेवग्याच्या वाळलेल्या पाल्यात. या दोन्ही साथी कळल्या, कारण रुग्णाच्या जंतूची जात ओळखून ती राष्ट्रीय प्रयोगशाळेत नोंदवण्याची तिथे पद्धत आहे. आपल्याकडे तीन आठवड्यांच्या बाळाला जुलाब झाले तर सलाइन लागतं, अँटिबायोटिक मिळतं, बहुतेक बाळं सुदैवानं बरी होतात. घरातल्या गुटीची डबी प्रयोगशाळेत कोणी पाठवत नाही. आपल्या दप्तरात अशा नोंदी नाहीत म्हणून असे आजार नाहीत, असा निष्कर्ष कृपया काढू नये.

गुटीत मध घालण्याची सवयही अजून गेलेली नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. हा आजार १९७६ साली कॅलिफोर्नियात प्रथम ओळखला गेला. वर्षाखालच्या बाळाला मध नको, हा सल्ला आता जगभर एकमुखी आहे. गुटीच्या पाकिटावर 'मधातून द्यावे' असं छापलेलं असेल, तर ते काढून टाकायला आपला एक आदेश पुरे आहे.

या गुटीवर देखरेख कोणाची, हे मी शोधू लागले तेव्हा एक विचित्र चित्र समोर आलं. कंपनीनं पाकिटात भरलेली गुटी हे औषध आहे. त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना लागतो, अनुसूची 'टी' (चांगल्या उत्पादन-पद्धतीचे नियम) प्रमाणे कारखान्यात गुणवत्ता-तपासणीची सोय किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. पण आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला विक्री-परवाना लागत नाही, आणि सुटी काष्ठौषधी तर औषध म्हणून कोणी मोजतही नाही. पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत मस्जिद बंदरला जा. 'गुटीचं सामान द्या' म्हटलं की दुकानदार पंधरा बरण्यांतून एकेक तुकडा काढून कागदात बांधून देतो. त्या पुडीवर बॅच नंबर नाही, तारीख नाही, नाव-गाव नाही.

पण त्या पुडीतली सुंठ, हळकुंड आणि जायफळ हे मसाले आहेत. मसाल्यांवर अन्न सुरक्षा कायदा लागू आहे, आणि साल्मोनेला २५ ग्रॅममध्ये असू नये ही अट तिथे आहे. म्हणजे एकाच पुडीतली सुंठ आपला अन्न सुरक्षा अधिकारी आज उचलून तपासू शकतो. शेजारचं वेखंड, काकडशिंगी आणि मुरुडशेंग मात्र कोणाच्याच यादीत येत नाहीत. महाराष्ट्रात अन्न आणि औषध ही दोन्ही खाती एकाच आयुक्तांच्या हाताखाली आहेत. जिथे तशी सोय नाही, तिथे हा प्रश्न दोन विभागांच्या पत्रव्यवहारात अडकेल. आयुक्त महोदय, आपल्याला तो एका बैठकीत सोडवता येण्यासारखा आहे.

याला जोडून आणखी एक विसंगती. २०२२ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं आयुर्वेद आहाराचे नियम केले. त्यांत स्पष्ट लिहिलं आहे की चोवीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी आयुर्वेद आहार तयार करायचा नाही आणि विकायचाही नाही. हा नियम योग्यच आहे. पण जे अन्न म्हणून दोन वर्षांच्या आत देऊ नये असं आपण म्हणतो, त्याच वनस्पती गुटी म्हणून दहाव्या दिवशी दिल्या जातात, आणि त्यांच्यासाठी वेगळी, कडक जंतूमर्यादा मात्र नाही. मोठ्या माणसाच्या त्रिफळ्याला एक लाखाची मर्यादा ठीक आहे. न उकळता तान्ह्याला द्यायच्या औषधाला तीच मर्यादा कशी चालेल? युरोपीय औषधकोशात वनौषधींचे गट पाडलेले आहेत. ज्यावर उकळतं पाणी ओतायचं त्याला मोकळी मर्यादा, आणि जे तसंच पोटात जाणार त्याला आवळलेली. आयुष मंत्रालयाच्या गाझियाबादच्या औषधकोश आयोगानं अशीच विभागणी करावी, आणि 'न उकळता, दोन वर्षांखालील बाळांसाठी' हा गट पहिला घ्यावा, अशी माझी सचिव महोदयांना विनंती आहे.

चाचणी नेमकी कुठे काटेकोर होते, हे पाहिलं की मन खट्टू होतं. डिसेंबर २००४ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात बॉस्टन परिसरातल्या आयुर्वेदिक औषधांचा अभ्यास छापून आला. सत्तरपैकी चौदा उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. मोठी खळबळ उडाली, आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधींची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली. चांगलं झालं. पण त्या सक्तीत निर्यातीचा माल आधी आला. परदेशी खरेदीदार आजही नमुना कसा काढला, किती ग्रॅम तपासला, योग्यता-चाचणीची कागदपत्रं कुठे आहेत, हे सगळं विचारतो, आणि त्याला ते मिळतं. मी स्वतः ती कागदपत्रं तयार करून दिलेली आहेत. म्हणजे आपल्याला हे जमत नाही असं नाही. तीच प्रयोगशाळा, तीच माणसं आणि तेच मीडिया वापरून देशातल्या बॅचला दोन ओळींचा अहवाल जातो, कारण जास्त कोणी मागितलेलंच नसतं. चांगल्या दर्जासाठी २००९ पासून आयुष मार्क आहे, पण तो ऐच्छिक आहे. जो घेतो तो आधीच काळजी घेणारा असतो.

उत्पादकांचा आक्षेप मला माहीत आहे: एवढ्या चाचण्यांनी लहान कारखाने बंद पडतील. या आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवं, कारण सांगली, नगर, कोल्हापूर, कोकण इथे चार-पाच माणसांत चालणारे प्रामाणिक कारखाने मी पाहिले आहेत. योग्यता-चाचणी एका उत्पादनाला एकदा करायची असते हे वर सांगितलंच. बालहिताच्या उत्पादनांसाठी तिचा खर्च शासनानं आपल्या मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळांतून उचलावा. त्रिफळा, सितोपलादी, हिंग्वाष्टक, तालीसादी ही चूर्णं शेकडो कारखाने एकाच कृतीनं बनवतात. त्यांच्यासाठी एकदा पद्धत बसवून ती प्रसिद्ध केली, तर प्रत्येकाला आपापल्या मालावर ती फक्त पडताळून घ्यावी लागेल. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध कुटणाऱ्या वैद्यांना कायद्यानं परवान्यातून सूट दिली आहे. त्यांना या जाळ्यात ओढा असं मी म्हणत नाही. त्यांच्या औषधाला कपाटात वर्ष काढावं लागत नाही. चूर्णाचं वीर्य दोन महिन्यांत उणावतं असं शार्ङ्गधरांनी सांगून ठेवलं आहे, आणि जुने वैद्य म्हणूनच चूर्ण थोडं थोडं करत. मुदतीचा प्रश्न येतो तो कारखान्यात बनून वर्ष-दोन वर्षं दुकानाच्या फळीवर राहणाऱ्या पाकिटांचा.

चाचणी कडक केली की दुसरा धोका जागा होतो, आणि त्याचा विचार आपण आधी करावा. काऊंट खाली आणायचा सोपा मार्ग म्हणजे माल इथिलीन ऑक्साइड वायूनं धुरवणं. जंतू मरतात, पण वायूचे अवशेष मागे राहतात. २०२४ साली हाँगकाँग आणि सिंगापूरनं काही भारतीय मसाल्यांची विक्री थांबवली ती याच अवशेषांमुळे. मायलेकरांना जंतूंपासून वाचवताना त्यांच्या पोटात हे घालायचं नाही. याला चांगला पर्याय आपल्याच राज्यात आहे. वाशीला विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचा विकिरण प्रकल्प २००० सालापासून मसाले आणि वाळलेल्या वनस्पती गॅमा किरणांनी जंतूमुक्त करतो आहे. वाळलेल्या वनस्पतींसाठी ६ ते १४ किलोग्रे (किलोग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा नियमानं ठरलेली आहे. किरणांनी प्रक्रिया केलेल्या वस्तूत किरणोत्सार उरत नाही. ही गोष्ट लोकांना समजावून सांगण्याचं काम मंत्रालयानं हाती घेतलं तर कारखानदारांची भीड चेपेल.

पण वाफ किंवा किरण हा अखेरचा उपाय आहे, पहिला नव्हे. बुरशी वाढून गेली असेल तर तिचं विष आधीच मालात उतरलेलं असतं. अस्परजिलस फ्लेवस या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन किरणांच्या या मात्रेनं नष्ट होत नाही. बुरशी मरते, प्लेट स्वच्छ येते, विष तसंच राहतं. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत अवेळी पावसानं भिजलेला मका खाऊन १०६ माणसं दगावली, ती या विषानं. एका पावसात भिजलेला माल नंतर कसाही वाळवला तरी पूर्वीसारखा होत नाही. म्हणून जंतूंच्या काऊंटबरोबर ओलाव्याचा आकडा आणि अफ्लाटॉक्सिनची तपासणी ही दोन्ही एकाच अहवालात हवीत.

इथे मला हिरड्याबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण गुटीतल्या ज्या जिनसांची वाट आपल्या राज्यातच सुरू होते त्यांपैकी तो एक आहे. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकर, अकोले या पट्ट्यात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा काढतात. झाडावर चढून कोवळी फळं झोडायची, गोळा करायची, घरी आणून उन्हात पसरायची. वळिवाची सर आली की घरातली लहानमोठी सगळी ते गोळा करायला धावतात. ज्यांच्याकडे ताडपत्री आहे त्यांचा माल वाचतो, नाही त्यांचा भिजतो. भिजलेला हिरडा काळा पडतो, आणि व्यापारी त्याचा भाव पाडतो. पण घेतो. तो चांगल्यात मिसळला जातो, आणि पुढे माझ्या प्लेटवर बुरशी होऊन येतो. नापास झालेल्या बॅचचं मूळ पुष्कळदा या एका सरीत असतं. त्यासाठी त्या कुटुंबाला दोष देणं किंवा त्याच्याकडून चाचणीचा कागद मागणं हा अन्याय होईल. त्याला पाहिजे ती जमिनीपासून उंच जाळीची वाळवणी, वर पारदर्शक छत, गावपातळीवर एक आर्द्रतामापक आणि कोरड्या मालाला जास्त भाव. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ आणि आदिवासी विकास विभाग यांनी मिळून हे केलं, तर पुढच्या टोकाला आमचं निम्मं काम कमी होईल. आम्ही प्रयोगशाळेत बसून दोष शोधू शकतो. तो घालवता येतो तो तिकडे, डोंगरावर.

आता नेमकं काय मागते आहे ते सांगते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेनं द्यायच्या 'फॉर्म ५०' या अहवालात पद्धतीच्या योग्यता-चाचणीची तारीख आणि निकाल, तपासलेल्या नमुन्याचं वजन, प्लेट लावल्याची आणि वाचल्याची तारीख, आणि नमुना कोणी काढला याची नोंद सक्तीची करावी. उत्पादकानं स्वतः निवडून आणलेला शंभर ग्रॅमचा नमुना आणि प्रयोगशाळेच्या माणसानं गोदामात जाऊन पाच पोत्यांतून काढलेला नमुना यांना एकच वजन देता येत नाही. केंद्रीय नियमात हा बदल व्हायला वेळ लागेल, पण तोवर महाराष्ट्राचे परवाना अधिकारी कारखान्याच्या तपासणीच्या वेळी हे कागद मागू शकतात. नुसते मागायला लागले तरी प्रयोगशाळा ते ठेवायला लागतील, हे मी आतून सांगते आहे.

दुसरं, एका प्रयोगशाळेत नापास झालेला नमुना 'फक्त माहितीसाठी दिला होता' असं म्हणून मागे घ्यायचा आणि दुसरीकडे पाठवायचा, हा प्रकार थांबला पाहिजे. नापास अहवालांच्या किती प्रती दर वर्षी आपल्याकडे पोचतात, त्यांपैकी किती बॅचेस नष्ट झाल्या, किती पुन्हा तपासल्या, हे आकडे आपण संकेतस्थळावर टाकावेत. कंपन्यांची नावं लगेच जाहीर करा असा माझा हट्ट नाही. आकडे आले की प्रश्न विचारता येतात.

आणि तिसरं, गुटी. येत्या वर्षात राज्यातल्या दुकानांतून बाळगुटीचे नमुने अन्न आणि औषध या दोन्ही विभागांनी एकत्र उचलावेत, पाकिटातली आणि सुटी दोन्ही. नमुने पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा घ्यावेत, म्हणजे ओलाव्यानं काय होतं ते दिसेल. चारही रोगजंतू, एकूण काऊंट, बुरशी, ओलावा आणि अफ्लाटॉक्सिन तपासावं आणि निकाल जसा येईल तसा मराठीत प्रसिद्ध करावा. निकाल चांगला आला तर राज्यातल्या आयांना मोठा दिलासा मिळेल आणि माझ्याइतका आनंद क्वचितच कोणाला होईल. वाईट आला तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळेल. त्याच वेळी अंगणवाडी सेविका आणि आशाताईंच्या हाती एक पानभर सूचना द्यावी: गुटीचं सामान ओलं ठेवू नये, उगाळून झाल्यावर पुसून कडक उन्हात वाळवावं, सहाण दर वेळी उकळत्या पाण्यानं धुवावी, बुरशीचा ठिपका दिसलेला तुकडा खरवडून न वापरता फेकून द्यावा, मध घालू नये, आणि बाळाला ताप किंवा जुलाब झाले तर गुटी थांबवून डॉक्टरांना तिच्याबद्दल आवर्जून सांगावं. आमच्या आज्या यातलं बरंचसं करतच होत्या. फ्लॅटच्या बंद स्वयंपाकघरात, ऊन न येणाऱ्या खिडकीशी ते आपोआप होत नाही, म्हणून सांगावं लागतं.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारं राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. त्यांच्या अर्जात 'औषधाचा नमुना जंतूचाचणीसाठी पाठवला का' असा एक प्रश्न वाढवावा आणि बालरोगतज्ज्ञांनाही तो अर्ज भरायला सांगावं, एवढी पुरवणी सचिव महोदयांसाठी.

हे नमुने तपासायला मनुष्यबळ कमी पडेल असं उत्तर येऊ शकतं. राज्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत, दर वर्षी पदव्युत्तर विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत असतात, आणि माझ्यासारखी निवृत्तीला आलेली माणसं त्यांना पद्धत शिकवायला विनामोबदला यायला तयार आहेत. त्रिफळा, सुंठ आणि वेखंड या तिघांसाठी योग्यता-चाचणीचा तपशीलवार मसुदा मी करून ठेवला आहे. आपण ज्या अधिकाऱ्याचं नाव कळवाल त्यांच्याकडे तो पाठवते. पुढचा बाळहिरडा बाजारात येण्याआधी पहिली बैठक व्हावी, अशी विनंती.

आपली नम्र,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पुणे